एका अक्षराचे मोल

मुलांनो, समजा, तुमच्यापुढे अमेरिकेतील सोन्याची दोन नाणी ठेवली आहेत. दोन्हींवर इ. स. १८५४ हे साल आहे. दोन्ही पाच डॉलरची असून प्रत्येकाचे वजन सुमारे ८.३६ ग्रॅम आहे. सोन्याचा कसही एकच. तरीही एका नाण्याला दुसऱ्याच्या हजारपटीहून अधिक किंमत येते. असे का बरे व्हावे?

नाणी उलटी करून पाहा. एकाच्या पाठीवर, पंख पसरलेल्या गरुडाच्या खाली, तिळाएवढे ‘एस’ हे अक्षर आहे. ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण होय. ज्यावर खूण नाही, ते नाणे फिलाडेल्फियाचे.

इ. स. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि देशोदेशींचे लोक तिकडे लोटले. तेथील सोने दूर पूर्वेकडील टांकसाळींत पाठविणे खर्चाचे व धोक्याचे होते. म्हणून १८५४ साली सॅन फ्रान्सिस्को येथेच टांकसाळ उघडण्यात आली. त्या वर्षी तिने वीस डॉलरची नाणी लाखाहून अधिक पाडली. पाच डॉलरची मात्र अवघी २६८!

तीही टिकली नाहीत. त्या काळी नाणी जपण्यासाठी नव्हे, तर खर्चासाठी असत. ती हातोहात फिरली, झिजली, आटवली गेली. पुढे १९३३ साली सरकारने लोकांजवळची सोन्याची नाणी मागवून घेतली व त्यांतील असंख्य नाणी आटवून विटा केल्या. संग्राहकांची दुर्मिळ नाणी तेवढी या आज्ञेतून वगळली होती. आज त्या २६८ नाण्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक आहेत.

त्यांतील एकाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ते एका गृहस्थाजवळ होते. पण इतके दुर्मिळ नाणे आपल्यापाशी कोठून असणार, ते बनावटच असावे, असे त्याला वाटे. दाखविले, तरी कोणी विश्वास ठेवीना. लबाड लोक साध्या नाण्यावर खोटी खूण उमटवितात, म्हणून ही शंका रास्तच होती. अखेर २०१८ साली तज्ज्ञांनी बारकाईने तपासले आणि नाणे अस्सल ठरले.

तेव्हा एखादे जुने नाणे हाती आले, तर ते घासून चकचकीत करू नका. घासण्याने खुणा पुसट होतात. आधी भिंग घ्या आणि त्याच्या दोन्ही बाजू नीट वाचा.