तेव्ये गवळ्याचे निष्क्रिय खाते

कात्रज म्हटले की पुणेकराला तीन गोष्टी आठवतात : घाट, तळे आणि दूध. त्यातल्या घाटाशी आणि तळ्याशी आपला संबंध प्रसंगाने येतो, दुधाशी मात्र रोज पहाटे. इथल्या सहकारी दूध संघाचे लांबलचक नाव कोणी घेत नाही. ‘दोन कात्रज द्या’ म्हटले की दुकानदार दोन पिशव्या पुढे करतो. बँकेतून निवृत्त होऊन मी इथे राहायला आलो, तेव्हापासून सकाळी ती पिशवी उचलताना मला एक गवळी आठवतो. तो मावळातला नाही आणि पुरंदरचाही नाही. तो झारच्या रशियातला, धर्माने ज्यू, आणि त्याचे नाव तेव्ये.

‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीत नाटकाचा हा नायक. शोलेम अलेखेम या लेखकाने १८९४ पासून पुढे वीस वर्षे यिडिश भाषेत तेव्येच्या गोष्टी लिहिल्या. त्यांवरून जोसेफ स्टाईनने नाटक रचले, शेल्डन हार्निकने गाणी लिहिली, जेरी बॉकने त्यांना चाली दिल्या आणि २२ सप्टेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर पडदा उघडला. तो मुक्काम ३,२४२ प्रयोगांनंतर हलला. १९७१ मध्ये चित्रपट आला. त्याचा दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन आडनावात ‘ज्यू’ असूनही ज्यू नव्हता, हा त्यातला पहिला विनोद.

कथा १९०५ सालची, अनातेव्का या खेड्यातली. तेव्येला एक बायको, पाच मुली आणि एक लंगडा घोडा. उतरत्या छपरावर उभा राहून कोणी फिडल वाजवावी आणि पडूही नये, तसे आमचे जगणे, असे तो सुरुवातीलाच सांगतो. तोल कशाने सांभाळता, तर परंपरेने. नाटक १९६७ मध्ये टोकियोला गेले, तेव्हाची एक आठवण स्टाईन सांगत असे. तिथल्या निर्मात्याने त्याला विचारले, हे अमेरिकेत लोकांना कळते तरी का? इतके जपानी आहे ते! मराठी माणसानेही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

धडा पहिला : तक्रार थेट मुख्य कार्यालयात करावी

मी नोकरीला लागलो तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते. म्हशींच्या कर्जाचे अर्ज गठ्ठ्याने येत. म्हशीचा विमा उतरवून तिच्या कानात बिल्ला ठोकलेला असे. म्हैस दगावली तर बिल्ला आणून दाखवायचा, नाहीतर विम्याचे पैसे विसरायचे. त्यामुळे कधीकधी बिल्ला कानासकटच काउंटरवर येई आणि त्या दिवशी कॅशियरचा डबा तसाच घरी जाई.

अशा खात्यातला माणूस तेव्येकडे पाहतो तेव्हा त्याला गाणे नंतर ऐकू येते, आधी अर्ज दिसतो. व्यवसाय : दूध, लोणी, चीज. वाहन : गाडी एक, घोडा एक, लंगडा, सबब गाडी मालक स्वतः ओढतो. अवलंबून माणसे : सहा. तारण : नाही. जामीन : परमेश्वर. कोणताही शाखाधिकारी असा अर्ज नामंजूर करील. तेव्ये मात्र कोणावर चिडत नाही. तो मान वर करून देवालाच विचारतो, की मला थोडा श्रीमंत केला असतास तर तुझ्या विश्वाचे काय अडले असते? आपल्याला यात नवे काही नाही. आपली जनाबाई विठोबाला चक्क शिव्या घालते. शाखेत आरडाओरडा करून उपयोग नसतो, जिथे निर्णय होतो तिथेच दाद मागावी, हे संतांना आणि गवळ्यांना कळते. खातेदारांना कळत नाही.

धडा दुसरा : हरल्यावर निर्णय आपलाच होता असे म्हणावे

थोरल्या मुलीचे, त्साइटेलचे, लग्न तेव्ये गावच्या पैसेवाल्या, विधुर खाटकाशी ठरवून येतो. मुलीचे मन मोटेल नावाच्या गरीब शिंप्यावर. इथे तेव्ये त्याचा प्रसिद्ध हिशेब मांडतो. एका बाजूने पाहिले तर असे, दुसऱ्या बाजूने पाहिले तर तसे. जमा आणि नावे. शिंपी कफल्लक आहे खरा, पण कष्टाळू आहे. दिलेला शब्द मोडेल, पण पोरीच्या डोळ्यांत पाहा. बेरीज मुलीच्या बाजूने पडते.

आता हे बायकोला कोण सांगणार? घरातला शब्द आपलाच शेवटचा, असे गावभर सांगणारा हा पुरुष मध्यरात्री दचकून उठल्याचे सोंग करतो आणि एक स्वप्न रचतो. स्वप्नात बायकोची मेलेली आजी येऊन शिंप्याची शिफारस करते आणि खाटकाची मेलेली बायको येऊन नवरीचा गळा धरते. गोल्डे घाबरून लग्नाला तयार होते. कांदेपोह्यांच्या कितीतरी कार्यक्रमांनंतर ‘पत्रिका जुळत नाही हो’ असा निरोप धाडणाऱ्या आपल्या लोकांना ही युक्ती समजावून सांगायला नको. नको असलेली स्थळे सभ्यपणे परतवण्याच्या कामी मंगळाने महाराष्ट्राची जी सेवा केली आहे, तिची नोंद कुठेतरी व्हायला हवी.

धडा तिसरा : काही प्रश्न पंचवीस वर्षांनी विचारावेत

दुसरी मुलगी होडेल आणि तिचा क्रांतिकारक विद्यार्थी यांना तर परवानगी नकोच असते, फक्त आशीर्वाद हवा असतो. तेव्ये पुन्हा हिशेब मांडतो आणि तोही देऊन टाकतो. पण मुलींच्या या प्रेमामुळे त्याच्या डोक्यात किडा शिरतो. पंचवीस वर्षे संसार केलेल्या गोल्डेला तो विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? ती आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करते. मग धुणी, स्वयंपाक, मुली आणि गाय अशी कामांची यादी वाचते, आणि शेवटी दोघांनाही कळते की ती यादी हेच उत्तर होते. मराठी घरात हा प्रश्न कोणी विचारलाच तर ‘चहा टाकू का?’ असे उत्तर येईल. तेही होकारार्थी समजावे.

आपल्याकडचे शनवार तेली

हे झाले रशियाचे. पण मराठी मुलखातही, आजच्या रायगड जिल्ह्यात, ज्यू शतकानुशतके खेड्यांतून नांदले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची पिढीजात कथा आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले आणि विषय संपवला. शनिवारी लागणारे तेल शुक्रवारी आणून ठेवायचे, एवढाच काय तो धार्मिक प्रश्न.

नवगावकर, पेणकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. लग्नाला मेंदी, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे, साखर, फळे यांचा मलिदा. मोशे आणि योसेफ यांची आख्याने त्यांनी मराठी कीर्तनातून लावली. पुण्यातही रास्ता पेठेत त्यांचे प्रार्थनामंदिर आहे.

अनातेव्का झारच्या हुकमाने तीन दिवसांत रिकामे होते. कोकणातल्या तेल्यांना कोणी हाकलले नाही. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाली आणि पुढच्या काळात त्यांतले बरेच जण आपखुशीने तिकडे गेले. जाताना मराठी घेऊन गेले. तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे नियतकालिकही काढले.

पण पोहोचल्यावर एक घोटाळा झाला. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना आदेश दिला, की बेने इस्राएल मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या ज्यू घरात लग्न करणार असेल तर तिची किंवा त्याची आई, आईची आई अशी जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. आमच्या बँकेच्या भाषेत केवायसी. कोकणात ज्यांच्याकडे कोणी कधी कागद मागितला नाही, त्यांच्याकडे स्वधर्मीयांनी पणजीचा कागद मागितला! ही माणसे चिडली, धरण्याला बसली, प्रश्न संसदेत गेला आणि १९६४ च्या ऑगस्टअखेर धर्मपीठाने आदेश बदलला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी ब्रॉडवेवर तेव्ये आपल्या मुलींच्या लग्नांचा हिशेब मांडायला उभा राहिला. हा निव्वळ योगायोग. पण कोणी कोणाशी लग्न करावे हा प्रश्न परक्यांपेक्षा घरच्यांनाच जास्त छळतो, एवढे त्यातून खचित दिसते.

धडा शेवटचा : खाते बंद करू नये

तिसरी मुलगी खावा. ती फ्येदका नावाच्या रशियन ख्रिस्ती तरुणाशी लग्न करते. तेव्ये पुन्हा हिशेब मांडायला घेतो. एका बाजूने, दुसऱ्या बाजूने... आणि मध्येच थांबतो. या वेळी दुसरी बाजूच नाही, असे तो ठरवतो. ही मुलगी आम्हाला मेली. इथवर हसत आलेले प्रेक्षागृह इथे गप्प होते. त्याला दुष्ट म्हणवत नाही, कारण ज्यांच्या हुकमाने त्याच्या लोकांची घरे फुटत होती, त्यांच्यातच मुलगी गेलेली असते. आणि बरोबरही म्हणवत नाही, कारण मुलगी समोर उभी असते.

एका तालुक्याच्या शाखेत माझा एक खातेदार होता, निवृत्त शिक्षक. एकुलत्या मुलीने जातीबाहेर लग्न केले, तेव्हा मुदत ठेवीवरचे तिचे नामनिर्देशन बदलण्यासाठी ते आले. त्यासाठी तेव्हा डीए-३ नावाचा नमुना असे. मी तो दिला, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या वर्षी ठेवीच्या नूतनीकरणाला आले आणि म्हणाले, “साहेब, तो फॉर्म गहाळ झाला, दुसरा द्या.” त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माझी बदली होईपर्यंत चार फॉर्म गहाळ झाले. शेजाऱ्यांना ते सांगत, की तिचे नाव कधीच काढून टाकले. ते वारल्यानंतर ठेवीची रक्कम तिच्या सहीने निघाली, असे मागाहून आलेल्या सहकाऱ्याने मला कळवले.

तेव्येही शेवटी हेच करतो. गाव सोडण्याच्या दिवशी खावा निरोप घ्यायला येते. तो तिच्याकडे पाहत नाही, सामान बांधत राहतो. थोरली लेक बहिणीला निरोप देत असते. तिला ऐकू जाईल इतपत तो पुटपुटतो, की देव तिच्या पाठीशी असो. थोरली ते शब्द मोठ्याने म्हणून खावापर्यंत पोहोचवते. बस्स, एवढेच. गोल्डे मात्र आपण कुठे असू याचा पत्ता ओरडून सांगते, कारण पत्रव्यवहार हा व्यवहार असतो हे बायकांना आधी कळते.

बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली की त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही ती बुडत नाही. मालक किंवा वारस आला, ओळख पटली, की पैसे परत मिळतात. नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलेले असते, की माणूस कधीतरी येईल. रागाच्या भरात खाते बंद करण्याचा अर्ज लिहिणारा बाप हेच विसरतो.

वाचकहो, कोणत्या परंपरा ठेवाव्यात आणि कोणत्या सोडाव्यात हे सांगण्याइतका मी मोठा नाही. शब्बाथ पाळावा, मलिदा करावा, पत्रिकाही हवी तर पाहावी. पण आपल्यापैकी पुष्कळ घरांत एखादे नाव असे असते, जे जेवताना कोणी उच्चारत नाही. आज रविवार आहे, घरची सगळी माणसे घरात आहेत. दुपारच्या जेवणाला ते नाव एकदा सहज घेऊन पाहा. व्यवहार एक रुपयाचा असला तरी चालतो.