ठासणीची बंदूक आणि दोन तोळ्यांची गोळी



मंडळाच्या गणपतीत आम्ही तिघे दरवर्षी एखाद्या आरतीला गैरहजर असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात आले आहे. कारण सांगून टाकतो. कोलोराडोत ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम सप्टेंबरात येतो आणि गणपतीही बहुधा त्याच सुमारास येतात. यंदाच्या पिकनिकला दोन-तीन मंडळींनी विचारले, "आम्हालाही यायचे आहे, बंदूक घेतली आहे, पण गोळी कोणती घ्यावी?" उभ्या उभ्या दिलेले उत्तर अर्धवट राहिले, म्हणून हा लेख. ज्यांना हा विषयच नको आहे त्यांनी पान उलटावे, आमचा राग नाही. आमच्यापैकी दोघांच्या घरी आजही वेगळी भांडी आहेत.

गोळीचा विचार आम्ही सुरुवातीला केलाच नव्हता, आणि त्याचे फळ एका हरणाला भोगावे लागले. पहिल्या वर्षी आमच्याकडे पन्नास कॅलिबरची, केपाची जुन्या घाटाची बंदूक होती. (केप म्हणजे आपल्या दिवाळीच्या टिकलीची मोठी बहीण.) गोळी गोल, चिंधीत गुंडाळून ठासायची. मीकर गावापलीकडच्या व्हाइट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये संध्याकाळी एक म्यूल डिअर दिसले. अंतर शंभर यार्डांच्या वर होते आणि ते किंचित तिरके उभे होते. आम्ही बार टाकला. हरीण दचकले आणि अस्पेनच्या झाडीत शिरले. रक्ताचे चार थेंब सापडले, पुढे काहीच नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही ओणवे होऊन गवत चाळत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅगपाय पक्ष्यांच्या गलक्यावरून जागा सापडली. तोवर कोल्ह्यांनी काम उरकले होते. कातडीला भोक एकाच बाजूला होते. गोळी आत शिरली होती, पण बाहेर पडली नव्हती. आम्ही त्याला आमचा टॅग लावला आणि हंगाम तिथेच संपवला. परतीच्या चार तासांत गाडीत कोणी बोलले नाही.

त्या हिवाळ्यात आम्ही गोळ्यांचा अभ्यास केला. त्याचे सार पुढे देत आहोत.

पहिली गोष्ट नियमांची. या हंगामात कोलोराडोत दुर्बीण चालत नाही, पुढची माशी आणि मागची खाच यांवरच नेम धरायचा. दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, सुटी दारू मापून घालावी लागते. प्लॅस्टिकच्या पेल्यात बसवलेली लहान गोळी, जिला सॅबो म्हणतात, तीही चालत नाही. हरणासाठी नळी कमीत कमी चाळीस कॅलिबरची हवी. म्हणजे निवड दोनच गोळ्यांत राहते: गोल किंवा निमुळती. निमुळती गोळी आपल्या व्यासाच्या दुपटीपेक्षा लांब असू नये असाही नियम आहे. पन्नास कॅलिबरला ही मर्यादा एक इंचाची होते.

दुसरी गोष्ट वजनाची. इथे गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि नवख्या माणसाला त्याचा काही बोध होत नाही. आपल्याला मात्र सोपी युक्ती आहे. १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. पन्नास कॅलिबरची गोल गोळी सुमारे १७७ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तोळाभर शिसे. गोलाचे वजन व्यासाने ठरून जाते. नळी तीच ठेवून वजन वाढवायचे तर गोळी लांब करण्यावाचून मार्ग नाही. तीच ही निमुळती गोळी. ती ३७० ग्रेनची घेतली की दोन तोळ्यांहून थोडी जास्त भरते आणि ४६० ग्रेनची घेतली की अडीच तोळे ओलांडते.

जास्त वजनाने काय मिळते? गोल गोळी वेगाने निघते, पण हवेत लवकर दमते. शंभर यार्डांपर्यंत जाताना तिचा सुमारे चाळीस टक्के वेग संपलेला असतो. जड गोळी निघताना हळू असते, पण तो वेग बराच टिकवून धरते. हरणापर्यंत पोहोचल्यावर ती बरगड्या, प्रसंगी खांद्याचे हाड ओलांडून पलीकडच्या बाजूने बाहेर पडते. हे बाहेर पडणेच महत्त्वाचे. दोन भोके पडली की रक्त जमिनीवर सांडते, माग सापडतो आणि जनावर फार लांब जात नाही. जड गोळी जास्त जोरात मारते म्हणून घ्यायची नसते. ती आरपार जाते म्हणून घ्यायची.

या निमुळत्या गोळीशी आपले जुने नातेही आहे. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची पोकळ बुडाची गोळी १८४९ची. ती नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून सहज ठासली जाई आणि बार उडाला की बूड फुगून नळीतल्या खाचांना घट्ट धरी. याच तत्त्वावरची १८५३ सालची एनफील्ड रायफल कंपनी सरकारने हिंदुस्थानातल्या शिपायांच्या हाती दिली. तिची गोळी सुमारे ५३० ग्रेनची, म्हणजे तीन तोळ्यांच्या घरात. ती सहज ठासली जावी म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी लावलेली असे आणि तो कागद दातांनी फाडायचा असे. पुढे काय झाले ते आपण शाळेत शिकलो. २९ मार्च १८५७ रोजी बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले. त्या असंतोषाची कारणे अनेक होती, पण ठिणगी पडली ती या गोळीच्या वंगणावरून. आमच्या गोळीलाही वंगण लागतेच. आम्ही मधमाशीचे मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून ते घरीच करतो. हे ऐकून आमच्यातल्या एकाच्या सौ. म्हणाल्या, "चला, एवढ्या बाबतीत तरी शिपायांचे ऐकलेत!"

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि दुकानात ती कोणी आपणहून सांगत नाही. गोळी किती जड घ्यायची हे आपण ठरवत नाही, नळीचा पीळ ठरवतो. नळीच्या आत स्क्रूच्या आट्यांसारख्या खाचा असतात. त्यांचा एक पूर्ण वेढा किती इंचांत होतो तो तिचा पीळ. गोळी जितकी लांब तितकी ती जोरात फिरावी लागते, नाहीतर भोवरा मंदावल्यावर डुलतो तशी ती हवेत डुलते. मंडळात इंजिनियर पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी सूत्रच देतो. इंग्लंडमधल्या वुलिचचे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली ते मांडले. व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. सर्व मापे इंचांत. अर्धा इंच व्यासाच्या गोल गोळीला उत्तर येते ७५ इंच. त्याच व्यासाच्या ०.८ इंच लांब गोळीला सुमारे ४७ इंच. एक इंच लांब गोळीला साडेसदतीस इंच. म्हणून गोल गोळीसाठी केलेल्या नळ्यांचा पीळ ६० किंवा ६६ इंचांत एक वेढा असा संथ असतो. जुन्या घाटाच्या पुष्कळ बंदुकांचा ४८ असतो, जो दोन्ही प्रकारांना जेमतेम पुरावा अशी तडजोड आहे. नव्या घाटाच्या बंदुकांचा २८ असतो, तो लांब गोळ्यांसाठीच. हा आकडा बहुधा नळीवर कोरलेला असतो. नसला तर गजाला घट्ट ओली चिंधी बांधून तो नळीत घाला, गजावर खूण करा आणि तो सावकाश ओढताना किती इंचांत किती वळतो ते मोजा.

आमची नळी ४८ ची. तरी मोह सुटेना, म्हणून आम्ही ३२०, ३७० आणि ४६० ग्रेनच्या गोळ्या घेऊन रेंजवर गेलो. ४६० ची गोळी एक इंचाला टेकत आलेली. पन्नास यार्डांवरच तिने कागदाला उभट भोक पाडले. ती आडवी होऊन लागली होती. जड म्हणून जी घेतली ती आमच्या नळीत निरुपयोगी ठरली. ३२० ची बरी बसली. ३७० ची सर्वांत चांगली बसली, पण लगेच नाही. आधी आम्ही दारू जास्त घातली होती. खांदा शेकून निघाला आणि गोळ्या ताटभर पसरल्या. दारू मापाने ८० ग्रेनवर आणली, गोळीखाली लोकरीची एक गोल चकती ठेवली, तेव्हा त्या बशीत मावू लागल्या. तुमच्या बंदुकीचे उत्तर वेगळे असेल. ते कागदावरच शोधावे लागते, आणि बंदुकीबरोबर आलेल्या पुस्तिकेतली दारूची मर्यादा कधी ओलांडू नये. दारूचे माप आकारमानाचे असते, तराजूचे नाही, हेही ध्यानात ठेवावे. काही नव्या दारू जास्त तेज असतात, त्या मापाने कमी घ्याव्या लागतात.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी.

गोळीचे शिसे शुद्ध आणि मऊ हवे. मोटारीच्या चाकांच्या वजनांचे शिसे कडक असते, ते ठासताना खाचांत नीट बसत नाही. घरी गोळ्या ओतायच्या तर मोकळ्या हवेत ओताव्यात, स्वयंपाकघरातले भांडे वापरू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

चिंधीतली गोल गोळी नळीत घट्ट बसते. निमुळती गोळी मात्र बंदूक खाली तोंड करून नेली किंवा जीपमध्ये हिसके बसले तर पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी यांत मोकळी जागा राहिली आणि तसाच बार काढला तर नळी फाटू शकते. यावर उपाय सोपा आहे. गोळी दारूवर पक्की टेकली की गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवा. रानात दर तासा-दोन तासांनी, बंदुकीवर केप नसताना, गज आत घालून खूण जागेवर आहे ना ते पाहा. आम्ही याला "घड्याळ पाहणे" म्हणतो.

जड गोळी लवकर खाली येते. आमची बंदूक ७५ यार्डांवर नेमकी लावली आहे. शंभरावर गोळी चार बोटे खाली लागते आणि सव्वाशेवर चांगली वीतभर. म्हणून आम्ही तिघांनी मिळून ठरवले आहे: शंभराच्या पलीकडे बार नाही, आणि हरीण पूर्ण आडवे उभे असल्याशिवाय नाही. पहिल्या वर्षीची चूक निम्मी गोळीची होती आणि निम्मी आमच्या उतावळेपणाची, हे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर एक हंगाम आम्ही काही न मारता परतलो. एक मोठा नर दीडशे यार्डांवर बराच वेळ उभा होता. आमच्यातल्या धाकट्याने विचारले, "काय करू, दादा?" दादा म्हणाले, "बघ त्याच्याकडे, छान आहे." गेल्या हंगामात पाऊणशे पावलांवर एक मादी आडवी उभी राहिली. बार झाला, धूर विरला आणि रक्ताची रेघ आम्हाला उभ्यानेच दिसली. चाळीसेक पावलांवर ती पडली होती. दोन्ही बाजूंना भोके होती. आम्ही थोडा वेळ तिथे गप्प बसलो आणि मग सुऱ्या काढल्या.

मांसाविषयी एक सूचना. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग १९६७ साली पहिल्यांदा याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सजवळ दिसला. माणसाला तो झाल्याचे आढळलेले नाही, पण रोगी जनावराचे मांस खाऊ नये असा आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. डोके तपासणीला द्यावे आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवावे. हरणाची चरबी रश्श्यात तुपट लागते, ती सगळी काढून टाकावी. पुढे कांदा-लसूण मसाला समर्थ आहे.

नव्याने येणाऱ्यांसाठी शेवटचे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी लागते. व्हिसावर असलेल्यांना बंदुकीचे कायदे वेगळे लागू होतात, त्यांनी काहीही विकत घेण्याआधी जाणकाराला विचारावे. हरणाच्या लायसन्ससाठी सोडतीचे अर्ज वसंतातच भरावे लागतात.

बर्फ वितळले की आम्ही पुन्हा रेंजवर जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली बंदूक आणि दोन-तीन वजनांच्या गोळ्या घेऊन यावे. कागद आम्ही आणू, चहाही आणू. ज्याच्या गोळ्या बशीत मावतील त्याने सप्टेंबरात बरोबर यावे. बाकीच्यांनी आणखी एक वर्ष कागदावर घालवावे. त्यात कमीपणा नाही. आमचेही तसेच गेले.

चूकभूल द्यावी घ्यावी.