धूरबंदी आणि गल्ला : नरडाण्याच्या एका हॉटेलातून

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. सोनगीर मागे टाकून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर ते लागतं. सुरत-भुसावळ लोहमार्गावर गावाचं स्टेशन आहे आणि जवळच औद्योगिक वसाहत आहे. ट्रकवाले, एस.टी.चे प्रवासी, कारखान्यांतले कामगार आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी इथे थांबतात, आणि थांबलेल्या माणसाला चहा लागतो. म्हणून चहाची हॉटेलं, शेवभाजीचे ढाबे आणि पानटपऱ्या हा इथला चटकन नजरेत भरणारा धंदा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीने अशा धंद्याचं आणि तिथल्या रोजच्या जगण्याचं काय झालं, ते या लेखात तपासायचं आहे.

या प्रश्नाशी माझी ओळख घरातूनच झाली. महामार्गाला लागून आमचं चहाचं हॉटेल होतं. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, दाराशी भट्टी. पहाटे ट्रक थांबायचे. चहा येईपर्यंत एक बिडी आणि चहा संपल्यावर दुसरी, असा ड्रायव्हर-क्लीनर मंडळींचा शिरस्ता होता. हिवाळ्यात वारा अडवायला तट्टे लावले की आतला धूर आतच राहायचा. शाळेत शेजारी बसणारी मुलं माझ्या शर्टाचा वास घेऊन हसायची. आमच्या आप्पांनी मात्र आयुष्यात कधी बिडी ओठाला लावली नाही.

२००८ साली भिंतीवर पाटी लावायची वेळ आली, तेव्हा आप्पांना एकच भीती होती : गिऱ्हाईक तुटेल. त्यांनी पाटी लावली, पण महिनाभर कुणाला काही बोलले नाहीत. मग एके दिवशी एक बाई खोकणारं तान्हं मूल घेऊन बाकड्यावर बसली होती, तेव्हा समोरच्या माणसाला ते हळूच म्हणाले, "भाऊ, बाहेर जाईसन वढ." तो उठला, निंबाखालच्या बाजेवर जाऊन बसला आणि चहा तिथेच मागितला. चहाचे पैसे बुडाले नाहीत. एवढ्या एका प्रसंगावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण पुढे या विषयावरचं जे संशोधन वाचलं, ते बरंचसं याच बाजूने बोलणारं निघालं.

कायदा काय सांगतो

सार्वजनिक धूम्रपानाचा प्रश्न आपल्याकडे आधी न्यायालयांनी हाती घेतला. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्या राज्यात सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई केली. पुढे मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशभरासाठी आदेश दिला. दवाखाने, शाळा, ग्रंथालयं, सभागृहं, न्यायालयं, सार्वजनिक कार्यालयं आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहनं त्यात आली. जो माणूस स्वतः ओढत नाही, त्याला दुसऱ्याच्या धुरामुळे जिवाचा धोका का पत्करावा लागावा, हा त्यामागचा मुख्य विचार होता. २००३ मध्ये सिगारेट आणि अन्य तंबाखू उत्पादनांबाबतचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याखालचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले.

या नियमांनी हॉटेलं, खाणावळी, कँटीन, बार, कामाच्या जागा आणि चित्रपटगृहं स्पष्टपणे बंदीखाली आणली. मोकळी जागा मूळ कायद्यात वगळलेली आहे, पण रेल्वे स्टेशन, बसथांबा, क्रीडांगणाचं प्रेक्षागृह अशा लोकांच्या वावराच्या जागांना ती सवलत नाही. मालकाने ६० बाय ३० सेंटिमीटरची पाटी लावायची. राखदाणी, काडेपेटी, लायटर गिऱ्हाइकापुढे ठेवायचं नाही. ओढणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. मालकाने दुर्लक्ष केलं, तर तिथे जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याच्यावरही येतो. तीस किंवा त्याहून जास्त माणसं बसतील एवढ्या उपाहारगृहाला धूम्रपानासाठी वेगळी, बंदिस्त जागा ठेवता येते. चार बाकड्यांच्या हॉटेलाला ती मुभा नाही.

थोडक्यात, हा कायदा कुणाला बिडी सोडायला सांगत नाही. चार भिंतींच्या आत जिथे इतर माणसंही श्वास घेतात, तिथे ओढू नको, एवढंच तो सांगतो.

धूर नेमका कुणाला लागतो

सिगारेटचा जो धूर इतरांच्या नाकात जातो, त्यातला बराचसा ओढणाऱ्याने सोडलेला नसतो. तो जळत्या टोकातून थेट हवेत मिसळतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्यं असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की, खूप सिगारेटी ओढणाऱ्या नवऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जास्त आहे. पंखा लावून किंवा खिडकी उघडून हा धोका पूर्ण जात नाही, असा स्पष्ट निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने काढला.

गिऱ्हाईक दहा मिनिटं बसून निघून जातं. कपबशा विसळणारा पोऱ्या, भट्टीवरचा माणूस आणि गल्ल्यावरचा मालक मात्र बारा-चौदा तास त्याच हवेत असतात. आप्पांना पुढे दम्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "किती वर्षं ओढता?" आप्पांना तो फार लागला. त्यांच्या छातीत भट्टीचा धूर किती आणि गिऱ्हाइकांचा किती, याची वाटणी कुणी करून देणार नाही आणि मीही ती करणार नाही. पण धूम्रपानबंदीच्या चर्चेत ज्याला आपण 'व्यावसायिक' म्हणतो, त्याच्या गल्ल्याचाच विचार होतो. त्यालाही छाती आहे, हे सहसा कुणाला आठवत नाही.

धंदा खरंच बसतो का

आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी देशभरातल्या कामाच्या जागांत, पबांतसुद्धा, धूम्रपान बंद केलं. असं करणारा तो पहिला देश. त्याआधी २००३ मध्ये न्यूयॉर्क शहराने बार आणि उपाहारगृहांत बंदी आणली होती. दोन्हीकडे मालकांची ओरड तीच होती, गिऱ्हाईक तुटेल. २००३ मध्येच या विषयावरच्या ९७ अभ्यासांची छाननी प्रसिद्ध झाली. ज्या अभ्यासांनी मालकांचे अंदाज न विचारता विक्रीकराच्या नोंदींसारखा पक्का पुरावा घेतला आणि नीट पद्धतीने तपासला, त्यांना उपाहारगृहांच्या उत्पन्नात घट आढळली नव्हती. नुकसान होतं असं सांगणाऱ्या अभ्यासांमागे बहुतेक ठिकाणी तंबाखू उद्योगाचा पैसा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही २००९ मध्ये साधारण हाच निष्कर्ष दिला.

डब्लिनचा पब आणि नरडाण्याचं हॉटेल यांची बरोबरी होत नाही, हे खरं. पण कारणांचा विचार केला तर ती इथेही लागू पडतात. हॉटेलवाला चहा, पोहे, भजी विकतो. धूर विकत नाही. ओढणाऱ्याची चहाची तल्लफ बंदीने जात नाही, तो फक्त जागा बदलतो. खान्देशात ढाब्यापुढे बाजा टाकायची पद्धत आधीपासूनच होती, त्यामुळे उठून बाहेर जाणं कुणाला अपमानाचं वाटलं नाही. उलट बिडी ओढत अर्धा तास बाकडं अडवणारा बाहेर गेला की आतलं बाकडं लवकर मोकळं होतं. शिवाय बायकामुलांना घेऊन निघालेली कुटुंबं आत येऊन बसायला लागली. ट्रकवाला एक चहा घेतो, कुटुंब नाश्ता करतं.

एक अट मात्र महत्त्वाची आहे. नियम सगळ्यांना सारखा असेल, तर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाऊन फायदा नसतो. एका हॉटेलात पाटी पाळली जाते आणि शेजारच्यात तिच्याखालीच राखदाणी ठेवली जाते, तेव्हा तोटा होतो तो पाळणाऱ्याचा. आमच्याकडे जे चार-दोन नेहमीचे लोक तुटले, ते असेच तुटले. त्यांना पळवलं ते शेजारच्या राखदाणीने, आमच्या पाटीने नव्हे.

टपरीचा हिशेब वेगळा

पानटपरीवाल्यासमोर हे सगळं मांडलं तर तो हसेल, आणि त्याचं हसणं चुकीचं नाही. 'बंदी' या एका शब्दात आपण चार वेगवेगळे नियम कोंबले आहेत. पहिला, वर सांगितलेला धूम्रपानाच्या जागेचा. दुसरा, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकायला मनाई करणारा. तिसरा, महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये केलेली सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीची बंदी. सुट्या नगावर धोक्याची सूचना नसते, हे तिचं कारण. आणि चौथा, गुटखाबंदी. गुटख्यावर राज्याने २००२ मध्येही बंदी घातली होती, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली आणि वर्षावर्षाला वाढवली गेली.

पहिल्या नियमाने टपरीवाल्याचं काहीच जात नाही, कारण त्याची टपरी उघड्यावर असते. बाकीचे तीन मात्र थेट त्याच्या गल्ल्याला हात घालतात. रोजंदारीवरचा माणूस पूर्ण पाकीट घेत नाही, तो दोन नग घेतो. सुटी विक्री हाच टपरीचा कणा. ती खरोखर थांबली तर टपरी बसेल, म्हणून ती थांबत नाही. गुटख्याचंही तेच. मध्य प्रदेशातही २०१२ पासूनच गुटखाबंदी आहे, तरी पळासनेरच्या सीमेकडून येणाऱ्या याच महामार्गावर गुटखा पकडल्याच्या बातम्या धुळ्याच्या वर्तमानपत्रांत येत असतात. टपरीवाल्याच्या वाट्याला येते ती लपवाछपवी आणि कधी मालजप्ती; मोठी कमाई कुठेतरी वर राहते.

म्हणून 'बंदीने धंदा बुडतो' हे वाक्य ऐकलं की आधी विचारायला हवं, कोणती बंदी आणि कुणाचा धंदा? हॉटेलवाल्याने टपरीवाल्याची भीती अंगावर घेऊन धूम्रपानबंदीला विरोध करायचं कारण नाही. आणि आरोग्यवाल्यांनीही टपरीवाल्याला हॉटेलवाल्याचा दाखला देऊन गप्प करू नये. त्याला चहा, फळं, खाण्याच्या पुड्या यांकडे वळायचं असेल, तर थोडं भांडवल आणि हक्काची जागा लागेल. सोलापूर-सिन्नरकडच्या बिडी वळणाऱ्या बायकांचा प्रश्नही याच जातीचा आहे. धूर कमी होणं समाजाच्या हिताचं आहे, म्हणून त्याची किंमत सर्वांत दुबळ्याने एकट्याने भरावी, हे न्यायाचं नाही.

धूर गेला, पुडी राहिली

आणखी एक गोष्ट आकड्यांतून दिसते. तंबाखूविषयीच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २००९-१० मध्ये ६.६ टक्के होतं, ते २०१६-१७ मध्ये ३.८ टक्क्यांवर आलं. त्याच वेळी तंबाखू खाणारे किंवा लावणारे २७.६ टक्क्यांवरून २४.४ टक्क्यांवर आले. म्हणजे आपल्याकडे तंबाखू मुख्यतः तोंडात आहे. तळहातावर चुना लावून मळलेली तंबाखू, मावा, बायकांची मिसरी, यांतलं काहीच धूरबंदीच्या कक्षेत येत नाही. 'धूर बंद केला की लोक पुडीकडे वळतात' असं गावात ऐकू येतं, आणि एखाद्याच्या बाबतीत ते खरंही असेल. पण राज्याचे आकडे दोन्ही कमी झाल्याचंच सांगतात.

रोजच्या जगण्यातला बदल मला आकड्यांपेक्षा सवयींत जास्त दिसतो. एके काळी लग्नात पानसुपारीच्या तबकात बिड्या-सिगारेटी ठेवणं हा पाहुणचार होता. एस.टी.त धूम्रपान करू नये असं लिहिलेलं असायचं आणि त्याच्याखालीच बिडी पेटायची. आज कुणी पेटवली तर आधी प्रवासीच बोलतात. देशात घरातल्या धुराला सामोरं जाणाऱ्या प्रौढांचं प्रमाण वरच्या दोन सर्वेक्षणांच्या दरम्यान ५२.३ वरून ३८.७ टक्के झालं. घराला तर कायदा लागूच नव्हता. बाहेर लागलेली सवय घरात शिरली असावी, असं मला वाटतं. मात्र बंदिस्त जागेत काम करणाऱ्यांपैकी ३०.२ टक्के लोकांना २०१६-१७ मध्येही कामावर दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता. ज्यांच्यासाठी हा कायदा सर्वांत गरजेचा, त्यांच्यापर्यंत तो नीट पोचलेला नाही, असा याचा अर्थ.

महामार्ग चौपदरी झाला तेव्हा आमचं हॉटेल मागे सरकलं. निंब गेला, बाजा राहिल्या. आता ते माझा धाकटा भाऊ चालवतो. पाटीचा रंग उडाला म्हणून त्याने गेल्या वर्षी नवी करून घेतली. मी विचारलं, कुणी तपासायला येतं का? तो म्हणाला, कुणी येत नाही, पण आतल्या पोऱ्याला खोकला नको. आप्पांना जे उमगायला सगळी उमर गेली, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. गिऱ्हाईक तुटण्याची गोष्ट मात्र त्याने काढलीच नाही.