नव्या आवृत्तीत मराठी टिकवायची तर

धुळे–सोलापूर महामार्गावर बीडच्या दक्षिणेला मांजरसुंबा आहे. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या कपिलधारला निघालेल्या भाविकाला वाटेतली माहिती हवी असो, की शेतकऱ्याला दाखल्याचा अर्ज कुठे करायचा ते बघायचे असो, हातातल्या मोबाइलवर तो जिल्ह्याचे संकेतस्थळ उघडतो. बीडचे हे संकेतस्थळ पूर्वी एनआयसीच्या पत्त्यावर होते. आता ते सरकारी 'जीओव्ही' पत्त्यावर, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (म्हणजे एनआयसीच्याच) 'एस-थ्री-वास' या सामायिक व्यवस्थेत आहे. तिचा पाया वर्डप्रेस हे संकेतस्थळे चालवण्याचे सॉफ्टवेअर आहे. महाराष्ट्रातले इतर जिल्हेही याच वाटेने गेले. जिल्ह्याजिल्ह्याच्या वेगवेगळ्या जुन्या रचना मागे पडल्या आणि सगळे एका साच्यात आले. अशा स्थलांतरात कोणते चित्र आवडले आणि कोणता रंग गेला, यावरच बहुतेक चर्चा होते. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. नव्या आवृत्तीवर जाताना मजकूर आणि त्याचे रूप एकमेकांपासून किती वेगळे ठेवले होते, यावर सगळे ठरते. आणि मराठी संकेतस्थळांना या बाबतीतल्या ढिलाईची किंमत इंग्रजीपेक्षा जास्त मोजावी लागते.

संकेतस्थळाचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. तो पानावर कसा मांडायचा हे सांगणाऱ्या फायलींचा संच म्हणजे थीम. संस्था आपल्या गरजेनुसार थीम बनवून घेते किंवा तयार थीममध्ये फेरफार करते, आणि मग खालचे सॉफ्टवेअर बदलते. पीएचपी ही भाषा वर्डप्रेस आणि त्याच्याच जातीचे ड्रुपल या दोन्हींच्या मुळाशी आहे. तिची 8.0 ही आवृत्ती 2020 मध्ये आली आणि 'क्रिएट-फंक्शन' ही जुनी सोय त्यात काढून टाकली गेली. कुणी दहा वर्षांपूर्वी थीममध्ये ती एका ओळीत वापरली असेल, तर सर्व्हर अद्ययावत झाला की ती ओळ चालायला घेताच पान बंद पडते. ड्रुपलचा बदल याहून मोठा होता. 2015 च्या नोव्हेंबरात आलेल्या आठव्या आवृत्तीने थीम लिहिण्याची पद्धतच बदलली आणि जुन्या पीएचपी साच्यांच्या जागी 'ट्विग' नावाचे साचे आणले. सातव्या आवृत्तीतले लेख, प्रतिसाद आणि सदस्यांची खाती नव्या घरी नेण्यासाठी ड्रुपलने 'मायग्रेट' हे साधन दिले, थीमसाठी मात्र तसे काही नव्हते. ती नव्याने लिहावी लागते. मनोगत, मायबोली, मिसळपाव अशी मराठीतली मोठी संकेतस्थळे ड्रुपलवर उभी राहिली, म्हणून हा प्रश्न मराठी वाचकांच्या अगदी जवळचा आहे.

आता खरी अडचण पाहू. काम लवकर उरकावे म्हणून थीममध्ये अशा गोष्टी घातल्या जातात, ज्या तिथे असायला नकोत. समजा, एखाद्या संस्थेने तालुक्यांची यादी दाखवण्यासाठी थीममध्येच एक लघुसंकेत (शॉर्टकोड) बनवला. थीम बदलली की त्या जागी यादी दिसत नाही, चौकटी कंसातला तो संकेत जसाच्या तसा उमटतो. 'योजना' किंवा 'ग्रंथ' असा नोंदींचा खास प्रकार थीममध्ये नोंदवला असेल, तर शेकडो नोंदी डेटाबेसमध्ये सुरक्षित असूनही व्यवस्थापनाच्या पडद्यावरून नाहीशा होतात. आणि कार्यालयातला माणूस माहिती पुसली गेली असे समजून सगळे पुन्हा टाइप करायला घेतो. नावे बदलतात तेव्हाही हेच दिसते. 2023 मध्ये औरंगाबाद विभागाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आणि बीडच्या शेजारचे उस्मानाबाद धाराशिव झाले. पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जिथे नाव डेटाबेसमध्ये एका जागी नोंदलेले असते, तिथे हा काही मिनिटांचा बदल. जिथे ते थीमच्या शीर्षचित्रात रंगवलेले किंवा तळाच्या फायलीत हाताने लिहिलेले असते, तिथे ते ज्याने बनवले त्याला शोधत बसावे लागते. मांजरसुंब्यावरून जाणाऱ्या याच महामार्गाचा क्रमांक 211 होता, तो 52 झाला. त्यासाठी पाट्या बदलाव्या लागल्या, रस्ता उखडावा लागला नाही. संकेतस्थळाची रचनाही अशीच हवी.

मराठीने रूप आणि मजकूर एकत्र बांधण्याची शिक्षा एकदा भोगली आहे. युनिकोड ही अक्षरांची सामायिक संकेतपद्धती रुजण्यापूर्वी शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत मराठी टाइप होत असे. संगणकात साठवली जात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. ती विशिष्ट फॉन्टचा पोशाख चढवला की मराठी दिसत. फॉन्ट नसेल तर निरर्थक अक्षरांची रांग दिसे. काही संकेतस्थळे फॉन्ट पानासोबतच पाठवत, पण ती सोय मुख्यतः इंटरनेट एक्स्प्लोररपुरती होती. तो ब्राउझर मागे पडला तशी ही पाने वाचण्याच्या पलीकडे गेली. 2004 मध्ये सुरू झालेल्या मनोगतसारख्या संकेतस्थळांनी सुरुवातीपासून युनिकोड धरला, म्हणून त्यांचा मजकूर कोणत्याही नव्या रूपात वाचता येतो.

युनिकोडमुळे अक्षर वाचले, पण थीम बदलताना देवनागरीचे आणखी काही बिघडते, आणि इंग्रजी पाने तपासणाऱ्याच्या ते नजरेस पडत नाही. नव्या थीममध्ये मथळे ऐसपैस दिसावेत म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवलेले असते. रोमन लिपीला ते शोभते. देवनागरीत शिरोरेषा जागोजागी तुटते आणि 'महाराष्ट्र शासन' हे तुकड्यातुकड्यांनी उमटते. ओळींमधली उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठेवली, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या एकमेकांत घुसतात. 'शेतकऱ्यांना' मधला अर्धा र नीट न दाखवणारा फॉन्टही नव्या थीमसोबत येऊ शकतो. याहून गंभीर चूक पानाच्या अगदी वरच्या ओळीत असते. पानाची भाषा मराठी आहे हे तिथे सांगायचे असते, पण आयत्या थीममध्ये कधी कधी इंग्रजी असे कायमचे लिहून ठेवलेले असते. मग दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो, आणि मराठी वळणाचा ल व श दाखवू शकणारा फॉन्टही हिंदी वळणाची अक्षरे दाखवतो. ही एक ओळ दुरुस्त करायला मिनिटही लागत नाही, फक्त ती बघणारा मराठी माणूस लागतो.

चालते आहे ते कशाला बदला, असा आक्षेप येतोच. कमी मनुष्यबळाच्या संस्थेकडून तो आला तर त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण आवृत्ती गोठवून ठेवणे सुरक्षित नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये ड्रुपल सातमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा पथकाने सांगितले, की घोषणेनंतर सात तासांत ज्यांनी दुरुस्ती बसवली नाही त्यांनी आपल्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आहे असेच गृहीत धरावे. याच सातव्या आवृत्तीचा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 रोजी संपला. नागरिकांचे अर्ज आणि फोन क्रमांक जिथे साठतात, तिथे जुन्या थीमच्या प्रेमापोटी थांबून राहणे हा नागरिकांवर टाकलेला धोका आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे: मग स्वतःची थीम हवीच कशाला, सगळ्यांनी एकच साचा वापरावा. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारी संकेतस्थळांच्या एकसारख्या रूपासाठी नियमपुस्तिका आणली, तिची दिशा हीच आहे. जिल्हा प्रशासनासाठी मला ती पटते. एका साच्याची देखभाल जाणते लोक एका जागी करतात आणि सुधारणा सगळ्यांना मिळते. पण तिथे झालेली देवनागरीची चूकही सगळ्या जिल्ह्यांत एकदमच पोचते, म्हणून साचा मराठी मजकुरावर तपासण्याची गरज वाढते. वाचनालय, शाळा, देवस्थान, मासिक यांचे तसे नाही. त्यांना आपली ओळख हवी आणि ती असावी. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी चाइल्ड थीमची सोय आहे. मूळ थीमला हात न लावता आपले फेरफार वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. मूळ थीम अद्ययावत झाली तरी ते पुसले जात नाहीत. नोंदींचे प्रकार आणि लघुसंकेत प्लगइनमध्ये, म्हणजे थीमबाहेरच्या वेगळ्या जोडणीत जातात, थीमकडे फक्त रूप उरते.

याला वेगळा मोठा खर्च लागतो असेही नाही, कारण बहुतेक गोष्टी काम देतानाच ठरवायच्या असतात. संस्थाचालकांनो, पुढच्या वेळी संकेतस्थळाचे काम कुणाला द्याल तेव्हा करारात लिहून घ्या: थीमच्या सगळ्या फायली आणि डेटाबेसची प्रत आमच्या ताब्यात राहील, नवी आवृत्ती आधी वेगळ्या प्रतीवर चालवून दाखवली जाईल, आणि एक लांब मराठी लेख, एक तक्ता व एक अर्ज साध्या मोबाइलवर मराठी वाचकाने वाचून पाहिल्याखेरीज शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.