नेदरलँडचा सर्वांत उंच डोंगर

नेदरलँडला डोंगर नाहीत, असं आपण धरूनच चालतो. कालवे, पवनचक्क्या, समुद्रसपाटीच्या खालची शेतं आणि क्षितिजापर्यंत सपाट जमीन. दक्षिणेच्या टोकाला व्हाल्सरबर्ग नावाची टेकडी आहे, तिची उंची ३२२ मीटर. पण या देशाचा खरा सर्वोच्च माथा ८८७ मीटरवर आहे, आणि तिथे पोचायला ॲमस्टरडॅमहून अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो. डोंगराचं नाव माउंट सीनरी, बेटाचं नाव सेबा. कॅरिबियन समुद्रातलं हे जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं बेट १० ऑक्टोबर २०१० पासून बोनेर आणि सिंट युस्टेशियस या दोन बेटांबरोबर नेदरलँडची खास नगरपालिका झालं आहे. राजा डच, चलन अमेरिकी डॉलर, बोली इंग्रजी आणि हवा थेट आपल्या कोकणातली. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास.

कोलंबस, डच, इंग्रज, फ्रेंच हा इतिहास कॅरिबियनमधल्या प्रत्येक बेटाला आहे. सेबाचा त्याहून वेगळा नाही, म्हणून तो इथे सांगत बसत नाही. सेबाचं वेगळेपण तिथल्या चढात आहे. हे बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी. बारमाही वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच. वेल्स बे या खाडीत वाळू येते आणि काही महिन्यांनी समुद्र ती परत नेतो. त्यामुळे छत्रीखाली पहुडणारे पर्यटक शेजारच्या सेंट मार्टिनलाच थांबतात. इथे येतात ते पायांवर भरवसा असलेले आणि पाण्याखाली उतरणारे.

विमान उतरतं तिथूनच दिवसाची सुरुवात होते. सेबाच्या विमानतळाची धावपट्टी ४०० मीटरची, प्रवासी विमानसेवेसाठी वापरल्या जाणाऱ्या धावपट्ट्यांत जगातली सर्वांत आखूड. दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. १९५९ मध्ये रेमी द हाएनेन या वैमानिकाने गावकऱ्यांनी हातांनी साफ केलेल्या सपाटीवर पहिल्यांदा विमान उतरवलं, आणि १९६३ मध्ये विमानतळ सुरू झाला. सेंट मार्टिनहून छोटं विमान पंधरा मिनिटांत पोचतं. चाकं टेकतात आणि लगेच ब्रेकचा जोर अंगावर येतो. विमानातले सगळे एकदम मोकळा श्वास सोडतात.

डोंगराची वाट विंडवर्डसाइड या गावातून निघते. पांढऱ्या भिंती, लाल छपरं, हिरव्या झडपा, घराखाली पावसाच्या पाण्याची टाकी. गाव साधारण चारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे अर्धा चढ गाडीनेच झालेला असतो. उरलेल्या वाटेवर १,०६४ पायऱ्या. आकडा वाचून रायगड चढलेल्या माणसाला काही वाटणार नाही, मलाही वाटलं नव्हतं. पण या पायऱ्या ओल्या आहेत, उंचीला एकसारख्या नाहीत, आणि जसजसं वर जावं तसतसं रान बदलत जातं. खाली केळी आणि आंब्याची झाडं. मग पुरुषभर उंचीचे नेचे, आपल्या अळवाच्या जातीची पण छत्रीएवढ्या पानांची झाडं, लाल-पिवळ्या हेलिकोनिया. माथ्याजवळ ढगांचं रान सुरू होतं. तिथे झाडांच्या खोडावर शेवाळाचा जाड थर, फांद्यांवर ऑर्किड, आणि पाऊस नसतानाही पानांवरून पाणी ठिबकत असतं. १९९८ च्या जॉर्जेस चक्रीवादळाने इथल्या डोंगरी महोगनीची फार हानी केली. २०१७ मध्ये इर्मा आलं. जुनी झाडं गेली ती गेलीच, आता नवी वाढताहेत.

वाटेवर एक सरडा सतत पायात येतो. त्याची ही ठिपक्यांची जात जगात फक्त सेबावर आहे. एक लालसर पोटाचा सापही दिसला. तो माणसाला त्रास देत नाही आणि या बेटाशिवाय फक्त शेजारच्या सिंट युस्टेशियसवर उरला आहे. सापाला बघून मागे थबकलेलं जोडपं मराठीत बोलू लागलं तेव्हा मी वळून पाहिलं. नाशिकचा मुलगा, मुलगी साताऱ्याची, दोघं आइंडहोव्हनला नोकरीला. "काकू, सायकल चालवून कंटाळलो हो," मुलगी म्हणाली. "चढ नावाचा प्रकार नाही तिकडे. ऑफिसातले डच लोक आल्प्समध्ये जातात. ह्याने नकाशात शोधलं, म्हणाला देशातला सर्वांत उंच डोंगर चढायचाच." मुलाने विचारलं, "तुम्ही हरिहर केलाय का? मला शेवटच्या पायऱ्यांना सारखी हरिहरची आठवण येतेय." हरिहर मी कॉलेजात असताना केला होता, गर्दी होण्याच्या कितीतरी आधी. मग वरपर्यंत आम्ही सह्याद्रीबद्दलच बोलत गेलो. माथ्यावर ढग होता. तो अचानक फाटला आणि खाली विंडवर्डसाइडची लाल छपरं आणि चहूकडे समुद्र दिसला. त्यानंतर परत पांढरं झालं.

खाली उतरल्यावर टॅक्सीने बंदराकडे निघालो. सेबावर मला सर्वांत भावलेली गोष्ट याच वाटेवर भेटली, ती म्हणजे खुद्द हा रस्ता.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सेबावर चाकाचं वाहन नव्हतं. गावं पायऱ्यांच्या वाटांनी जोडलेली. माल उतरायचा तो पश्चिमेच्या लॅडर बे या खाडीत, आणि तिथून कड्यात खोदलेल्या आठशे पायऱ्यांवरून माणसांच्या डोक्यावर वर जायचा. पीठ, लाकूड, कपाटं, पियानोसुद्धा. रस्ता बांधता येईल का हे पाहायला आलेल्या डच अभियंत्यांनी चढ बघून हे अशक्य आहे असं सांगितलं. ही हकिगत बेटावर प्रत्येक जण सांगतो. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या सेबाच्याच माणसाला ते पटलं नाही. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. त्याने टपालाने शिकवणाऱ्या संस्थेचा स्थापत्याचा अभ्यासक्रम घेतला. धडे बोटीने यायचे, उत्तरं बोटीने जायची. १९३८ मध्ये त्याने गावातली माणसं गोळा करून काम सुरू केलं. यंत्रं नव्हती, सगळं हातांनी. १९४३ मध्ये फोर्ट बे या बंदरापासून द बॉटम या राजधानीपर्यंतचा पहिला टप्पा झाला. १९४७ मध्ये पहिली मोटारगाडी बेटावर उतरली. १९५१ मध्ये रस्ता विंडवर्डसाइडला पोचला आणि १९५८ मध्ये पूर्ण झाला. वीस वर्षं!

बेटावरचे लोक हॅसेलला लॅम्बी म्हणतात. आमचा टॅक्सीवाला सत्तरीचा. एका अवघड वळणावर त्याने गाडी थांबवली आणि दरीच्या बाजूची दगडी भिंत दाखवली. त्याचे काका त्या भिंतीवर कामाला होते, संध्याकाळी घरी यायचे तेव्हा तळहात सोललेले असायचे. भिंतीचे दगड असे बसवलेत की सुरीचं पातं घालायला जागा सापडत नाही. वादळं आली, पावसाळे आले, भिंत हललेली नाही. मला बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. घाटातून वाट कुठून काढायची हे इंग्रज अभियंत्यांना त्या धनगराने दाखवलं, असं आपली लोककथा सांगते. जमीन ओळखणारा माणूस तिथलाच असतो. फरक इतकाच की शिंग्रोबाच्या नशिबी लोककथेत मरण आलं आणि घाटात एक देऊळ. लॅम्बीच्या नावाने मात्र रस्ता अख्ख्या बेटाला माहीत आहे, आणि शाळेतली मुलंही ते नाव अभिमानाने घेतात.

दुपारी समुद्र. बेटाभोवती भरतीच्या रेषेपासून साठ मीटर खोलीपर्यंतचं पाणी १९८७ पासून सागरी उद्यान म्हणून राखलेलं आहे, आणि डायव्हिंगला येणाऱ्यांच्या शुल्कावर त्याचा बराचसा कारभार चालतो. खोल पाण्यात लाव्हाचे सुळके उभे आहेत. सराईत डायव्हर त्यांच्यासाठीच येतात. मी स्नॉर्केल लावून टॉरेन्स पॉइंटच्या खडकांजवळ उतरले. निळ्या माशांचे थवे, खडकाला बिलगून बसलेलं कासव. लॅडर बेजवळ एका जागी समुद्रतळाची पिवळी वाळू ज्वालामुखीच्या उष्णतेने कोमट असते. डायव्हर तिच्यात हात खुपसून बघतात.

संध्याकाळी लॅडरच्या पायऱ्या उतरले आणि मन खट्टू झालं. ज्या पायऱ्यांवरून या बेटाचं अख्खं जगणं वर गेलं, त्यांच्या कडेला गवत माजलंय आणि खालचं जुनं जकात घर ओसाड उभं आहे. १९७२ मध्ये फोर्ट बेला धक्का झाला आणि लॅडरचं काम संपलं, हे समजण्यासारखं आहे. पण एक माहितीफलक, पडझडीची डागडुजी, एवढं तरी व्हायला हवं. आपल्या गडांच्या वाटा पाहिलेल्या माणसाला हे दुःख नवं नाही. मोकाट शेळ्यांनी उतारांवरची रोपटी खाल्ल्यामुळे माती सैल होते आणि दरडी येतात, ही दुसरी तक्रार तिथे सगळ्यांच्या तोंडी आहे.

तिसरी गोष्ट जाळीकामाची. १८७० च्या दशकात गर्ट्रूड जॉन्सन ही सेबाची मुलगी व्हेनेझुएलातल्या काराकास इथल्या मठातून कापडाचे धागे ओढून सुईने जाळी विणायची कला शिकून आली. पुरुष बोटींवर गेलेले, बायका घरी. त्यांनी रुमाल आणि मेजपोश विणून टपालाने अमेरिकेत विकले आणि घरं चालवली. आज विणणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आहेत. एका आजीने मला हातातला रुमाल दाखवला, आठवडाभर चाललेलं काम. त्याची किंमत ऐकून शेजारची पर्यटक बाई रुमाल ठेवून निघून गेली. शिकायला कोणी येत नाही, आजी म्हणाल्या. सेबाच्या शाळेत आठवड्यातून एक तास जरी ही सुई हातात दिली तरी कला टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

नेदरलँडमध्ये राहणारी मराठी मंडळी सुट्टीत पॅरिस, स्वित्झर्लंड करतात. ज्यांना सह्याद्रीची सवय आहे त्यांनी एकदा हा डोंगर चढावा. सकाळी लवकर निघा, कारण दहानंतर माथा बहुधा ढगात जातो. घट्ट पकडीचे बूट घाला, काठी सोबत ठेवा. जून ते नोव्हेंबर हे वादळांचे महिने टाळा. विमान रद्द झालं तर सेंट मार्टिनहून बोट मिळते. आणि एक महत्त्वाचं: बेट नेदरलँडचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात येत नाही, म्हणून व्हिसाचे नियम तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून तपासून घ्या.