सायकलवाल्याने हेल्मेट घालावे काय?

मागच्या महिन्यात उत्तर नागपुरातल्या एका बुद्धविहारात आम्ही आरोग्य तपासणी ठेवली होती. बीपी, शुगर, वजन सगळे आटोपले, चहा सुरू झाला. तेव्हा एका आजीने विचारले, "बाई, माझा नातू सायकलने शाळेत जातो. त्याला ते डोक्यावरचं टोपलं घेऊन द्यावं काय? त्याचा बाप म्हणते, सायकलवाल्याला पोलीस थोडीच धरते!" बसलेल्या बायका हसल्या. आम्हाला हसू आले नाही.

आम्ही वॉर्डात ड्युटी करीत होतो तेव्हाची गोष्ट. पहाटे पेपर टाकणारा सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा स्पीड ब्रेकरवर सायकलसकट आपटला. उठला, कपडे झटकले, उरलेले पेपर टाकले आणि घरी गेला. आईला म्हणाला, डोकं दुखतंय, जरा झोपतो. आईने दुपारी जेवायला उठवले तर तो उठेना. आमच्याकडे आणले तेव्हा उशीर झाला होता. बाहेरची जखम रुपयाएवढी. पण कानाच्या वर कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून रक्तवाहिनी जाते. ती फुटली की हाड आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जाते. सुरुवातीचे काही तास माणूस चांगला बोलतो, चालतो, आणि मग एकाएकी ढासळतो. हेल्मेट असते तर तो नक्की वाचला असता असे आम्ही छातीठोक सांगणार नाही. पण वस्तीत सगळे म्हणाले, "त्याचं नशीब." बुद्धाच्या धम्मात प्रत्येक गोष्टीला कारण असते. इथेही होते.

आधी कायद्याचे सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकल, स्कूटर अशा वाहनांना लागू आहे. पायडलच्या सायकलला नाही. म्हणून पोलीस धरत नाही, हे बापाचे म्हणणे बरोबर. पण चलान फाटत नाही म्हणजे डोके फुटत नाही, असे थोडेच आहे!

सायकलच्या हेल्मेटमध्ये आत थर्माकोलसारखा कडक फेस असतो. आपण पडतो तेव्हा डोके क्षणात थांबते, पण आतला मेंदू पुढे जाऊन कवटीवर आदळतो. फेस दबतो, चिरडतो, आणि डोके थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. तेवढ्यानेच मेंदूला बसणारा झटका कमी होतो. चाळीस अभ्यासांतले ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वार एकत्र घेऊन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा हेल्मेट घालणाऱ्यांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे दोन-तृतीयांशाने कमी दिसली. "हेल्मेटने मान मोडते" असे वस्तीत बरेच जण सांगतात. या अभ्यासात तसे काही दिसले नाही. तथागतांनी कालामांना सांगितले होते की ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नका. तेच इथे लागू.

मात्र हेल्मेटला मर्यादाही आहे. दीड-दोन मीटर उंचीवरून कडक जमिनीवर डोके आपटल्यास काय होते, याची चाचणी घेऊन ते बनते. खड्ड्यात पडणे, गाय आडवी येणे, ऑटोचा धक्का, यासाठी ते आहे. भरधाव ट्रकखाली आलेल्याला ते वाचवीत नाही. नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त, तरी हेल्मेट फार थोडे लोक घालतात, कारण तिथे सायकलला वेगळा रस्ता आहे. आपल्याकडे कामठी रोडवर सायकलवाला ट्रक आणि नाली यांच्या मधल्या दीड फुटातून चालतो. तो मेला की "हेल्मेट नव्हतं" म्हणून दोष त्याच्यावर ढकलून महापालिकेला मोकळे होता येणार नाही.

मग सायकललाही सक्ती करावी काय? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये केली. तिथे डोक्याच्या इजा कमी झाल्या, पण सायकल चालवणारी शाळकरी मुलेही कमी झाली. अमेरिकेत सिॲटलच्या परिसरातल्या किंग काउंटीने २०२२ मध्ये सक्ती रद्द केली, कारण दंडाच्या पावत्या बेघर आणि काळ्या लोकांच्या वाट्याला जास्त येत होत्या. (जातिभेदाला कायद्याने बंदी घालणारे अमेरिकेतले पहिले शहर हेच सिॲटल, २०२३ साली.) इथे सक्ती झाली तर चौकात कोणाला थांबवतील? महागड्या गिअरच्या सायकलवाल्याला, की डबा लटकवून हिंगणा एमआयडीसीत निघालेल्या कामगाराला? म्हणून आमचे मत सक्तीच्या विरोधात आहे, आणि हेल्मेटच्या बाजूने आहे.

घरात पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर? शाळकरी मुला-मुलीला हेल्मेट आधी. मुले पडतात, आणि बहुतेक वेळा डोके हलक्या वेगातच आपटते. रात्रपाळीचा वॉचमन किंवा पहाटेचा दूधवाला असेल तर आधी मागे लाल लाइट आणि मडगार्डवर चमकणारी पट्टी लावा, कारण हेल्मेट पडल्यावर कामी येते, लाइट धडक होऊच देत नाही. हेल्मेट पुढच्या पगारावर घ्या. ब्रेक मात्र दोघांचेही आजच तपासा.

बांधकामावरचे पिवळे हेल्मेट घालून सायकल चालवणारे भाऊ आम्ही रोज पाहतो. ते वरून पडणाऱ्या विटेसाठी आहे. पडताना ते डोक्यावरून आधी उडून जाते. मोटारसायकलचे हेल्मेट जड आणि गरम असले तरी डोके वाचवते. रात्री मोठ्या रस्त्यावर दुसरे काही नसेल तर तेच घाला. जुन्या बाजारातले घेऊ नका. एकदा जोरात आपटलेला फेस बाहेरून धड दिसतो, पण आतून मेलेला असतो. थिनर, पेट्रोलने पुसू नका, रंग मारू नका.

हेल्मेट कपाळावर भुवईच्या वर दोन बोटे बसले पाहिजे. पोरी ते मागे सरकवून घालतात, मग कपाळ उघडे राहते. दोन्ही पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जातील इतकेच घट्ट असावेत. अंबाडा वर असेल तर हेल्मेट बसतच नाही, वेणी खाली घाला. आपल्या मे महिन्यात कोण घालणार, असे विचाराल. खिडक्या असलेले घ्या, आत पातळ सुती दुपट्ट्याचा एकच पदर चालतो, जाड गाठ नको. आणि झाडावर, झोक्यावर चढताना मुलांच्या डोक्यावरून ते काढा. पट्टा अडकून गळा आवळू शकतो.

जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला तर विहारात किती हेल्मेट येतील, हे ज्याने त्याने आपल्या मंडळात काढून पाहावे.

आता पडल्यावर काय करायचे ते. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा. हळद, चुना, चहापत्ती भरू नका. हाडाचा तुकडा हलत असेल किंवा खड्डा जाणवत असेल तर त्यावर दाबू नका, कापड नुसते ठेवा. मान दुखत असेल, हातपाय बधिर असतील तर उचलून ऑटोत कोंबू नका, १०८ ला फोन करा. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटके, एक बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव किंवा रक्त, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी थेट मोठा दवाखाना, जिथे सिटी स्कॅन आहे. गुंगीत असलेल्याला पाणी पाजू नका. "दारू पिऊन पडला असेल" म्हणून बाजूला टाकू नका. प्यायलेल्याच्याही डोक्यात रक्त साचते. वरची लक्षणे नसली तरी पहिली रात्र जवळ कोणी तरी झोपा, दर दोन-तीन तासांनी उठवून नाव विचारा आणि पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने काहीच त्रास नसला तरी डॉक्टरला दाखवावे.

रस्त्यावर परका माणूस पडलेला दिसला तर पोलिसांच्या भानगडीची भीती वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले आहे. मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेसाठी किंवा मृत्यूसाठी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, नाव-पत्ता सांगण्याची जबरदस्ती करता येत नाही, दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही. कोणी अडवले तर हे कलम सांगा आणि जखमीला आत न्या.