ब्लीचिंगचा डबा

२०२३ सालची महालक्ष्म्यांची रात्र नागपूरची कोणतीही बाई विसरायची नाही. २२ सप्टेंबरला पूजन. सोळा भाज्या, पुरण, पंगती असं सगळं आटोपून आम्ही बाराच्या सुमारास पाठ टेकली आणि पहाटे सासूबाईंच्या हाकेनं जाग आली, "अगं, उठ, घरात पाणी शिरून राहिलं!" काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. अंबाझरी तलाव ओसंडला होता आणि नाग नदी काठ सोडून वस्तीत शिरली होती. शहरात माणसंही दगावली. आमचं त्यामानानं थोडक्यात निभावलं. मुखवटे आणि पिलवंडं कशीबशी माळ्यावर चढवली, बाकी सगळं चिखलात.

पण मला आज सांगायचं आहे ते पुराचं नाही. पूर ओसरल्यावर आमच्या बाथरूममध्ये जे झालं, त्याचं.

चिखल उपसून झाल्यावर घरभर तो घाण वास. ब्लीचिंग पावडरची पिशवी होतीच, आमच्या अंगणात जुनी विहीर असल्यानं ती घरात नेहमी असते. गावाकडे हिलाच टीसीएल म्हणतात. आमच्या कामाच्या मावशींनी बाथरूममध्ये ती मूठमूठ पसरली आणि उकिडव्या बसून ब्रश मारू लागल्या. फरशीवरचा पिवळा थर काही निघेना. मग मीच, हो मीच, कोपऱ्यातली ॲसिडची बाटली उचलली आणि ओतली. दोन्ही जंतू मारतात, दोन्ही मिळून लवकर मारतील, एवढं माझं शास्त्र!

फसफस आवाज झाला आणि हिरवट-पिवळी वाफ उठली. मी दारात उभी होते, तरी घशात काटे टोचल्यासारखं झालं. मावशी तर खाली बसलेल्या. "ताई, डोळ्यातून आग निघून राहिली," एवढंच बोलल्या आणि खोकल्याची अशी उबळ आली की शब्द फुटेना. त्यांना ओढत अंगणात आणलं, डोळ्यांवर पाणी मारलं. थोड्या वेळानं बरं वाटलं म्हणून त्या घरी निघाल्या होत्या. सासूबाईंनी हट्टानं दवाखान्यात पाठवलं म्हणून बरं, कारण संध्याकाळी पुन्हा धाप लागली. रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, हा वायू छातीत गेला की त्रास काही तासांनीही वाढतो, तेव्हा 'आता बरं आहे' यावर जाऊ नका.

तो वायू म्हणजे क्लोरीन. ब्लीचिंगमध्ये तो बांधलेला असतो, ॲसिड पडलं की एकदम सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्र इथे सैनिकांवर सोडला होता, तोच हा. हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. उभ्या असलेल्या मालकिणीपेक्षा खाली बसून फरशी घासणारीला तो आधी गाठतो. हे कळल्यावर माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

संडास साफ करायच्या बहुतेक बाटल्यांमध्ये ॲसिडच असतं, तेव्हा नाव बदललं म्हणून फसू नका. अमोनियाच्या क्लीनरशीही ब्लीचिंगचं जमत नाही, विषारी वायूच निघतो. फार्महाउसवर पोहण्याचं टाकं असेल, तर त्यासाठी मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग एका डब्यात भरू नका. दोन्हीत क्लोरीनच असलं तरी ती एकत्र आली की पेट घेऊ शकतात.

आता विहिरीचं. आमच्याकडे पद्धत अशी की पावसाळ्यात किलोभर पावडर वरूनच भिरकावायची. हिशेब केला तेव्हा हसू आलं. आमची विहीर दोन मीटर रुंद, तीन मीटर पाणी, म्हणजे साधारण ९,४०० लिटर. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि ती हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. म्हणजे आमच्या विहिरीला पंचवीसेक ग्रॅम! अर्थात हे स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याचं. पुराचं गढूळ पाणी आधी उपसून टाकावं लागतं, कारण घाणच सगळा क्लोरीन खाऊन टाकते. पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, दहा मिनिटं निवू द्यायची, वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायची. खालचा चुना टाकायचा नाही, पाणी जड होतं. मग तासभर पाणी काढायचं नाही.

आणि गंमत बघा, लहान विहिरीसाठीची सगळ्यात सोपी युक्ती आपल्या नागपुरातल्याच नीरीनं काढलेली आहे. १९५८ साली सुरू झालेली ही संस्था, पण तिथे आपल्या विहिरीचा विचार होतो हे मला कुठे ठाऊक! दोन मडकी, एकात एक. आतल्यात एक किलो ब्लीचिंग आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओली करून भरायची. आतल्या मडक्याला काठाजवळ भोक, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटरवर, एकेक सेंटिमीटरचं. बाहेरच्याचं तोंड प्लॅस्टिकनं बांधून ते पाण्याखाली मीटरभर लटकवायचं. साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे क्लोरीन हळूहळू मिळत राहतो. आमची विहीर दुपटीची, म्हणून मी ते वहिनीकडे काटोलला करून दिलं, तिची विहीर लहानच आहे.

उरला प्रश्न ठेवण्याचा. ब्लीचिंग उजेड, दमट हवा आणि उष्णता यांनी मरतं. आपल्याकडचा मे महिना आणि गच्चीवरची टिनाची खोली म्हटल्यावर पुढच्या पावसाळ्यात हातात फक्त चुना उरतो. म्हणून थोडंच आणायचं. झाकणाचा, उजेड आत न जाणारा प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा, स्टीलचा नको, गंजतो. घरातली थंड, कोरडी जागा, पण स्वयंपाकघर नको. पांढरी पावडर, रांगोळी समजून पोर हात घालेल किंवा कुणी पीठ समजेल. रॉकेल, तेल, रंगाचे डबे आणि ॲसिड यांच्यापासून लांब. आत कोरडा चमचा, आणि काढताना नाकाला फडकं, हातात मोजे. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून मग डॉक्टर.

मावशी नऊ दिवस कामावर आल्या नाहीत. दवाखान्याचा खर्च आणि त्या दिवसांचे पैसे मी दिले, पण तेवढ्यानं फिटतं असं मला वाटत नाही. पूर्वी दोन मिनिटांत झाडू मारणाऱ्या त्या आता जिना चढताना मध्ये थांबतात. ब्लीचिंगचा डबा हल्ली त्याच बघतात. वर कोळशानं फुली मारली आहे, आणि ॲसिडची बाटली अंगणापलीकडच्या खोपटात कुलपात. किल्ली त्यांच्याच कमरेला असते, मला हवी असेल तर मागावी लागते.